शनिवारची गणित बैठक: चुकलेल्या वह्या घेऊन या

गणित शिक्षक बंधू-भगिनींनो,
येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ११:३० ला केंद्रशाळेत बसायचंय. विषय एकच: शिकवलेलं गणित पोरांच्या डोक्यात टिकत का नाही?

माझ्याच पाचवीत दिवाळीआधी हातच्याची वजाबाकी पक्की होती. परवा ४०२ − १७८ दिलं, तर निम्म्यांनी ३७६ लिहिलं! जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं १८८५ मध्येच दाखवलंय, उजळणी नसली की सुरुवातीलाच सगळ्यात झपाट्यानं विसरतं.

येताना आणा:
- वर्गातल्या दोन वह्या, चुकांसकट. नीटनेटक्या नकोत.
- ऊसतोडीला गेलेल्या लेकरांची यादी. आपल्या बीडकडं शिकण्यातला हा खंड वेगळाच धरावा लागतो.

रोज दोन-तीन जुनी गणितं, वही न उघडता आठवून सोडवायची, याचं वेळापत्रक तिथंच ठरवू. गैरहजर राहणाऱ्यांनी आधी कळवा. चहा आहे.