पंख्यातला कापूस

कळंब, जि. यवतमाळ
११ जानेवारी

प्रिय गड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी वावरात हरभऱ्याला पाणी देत होतो. लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे नीट बोलणं झालं नाही. तुझ्या गाडीचा ब्लोअर, म्हणजे हीटर-एसीचा पंखा, फक्त चार नंबरवर फिरतो, एक-दोन-तीनवर हूं की चूं करत नाही, आणि मेकॅनिकनं अख्खं युनिट बदलायला साडेपाच हजार सांगितले, एवढं ऐकलं. ते पैसे अजून देऊ नको. गेल्या महिन्यात माझ्या गाडीचं असंच काहीसं झालं होतं.

मायला डोळे दाखवायला सेवाग्रामला न्यायचं होतं. पहाटे पाचला निघालो. वर्धा नदीचा पूल जवळ आला आणि धुकं असं दाटलं की रस्त्याची कडा दिसेना. आत दोघांच्या श्वासाची वाफ थंड काचेवर धरत होती. हीटर लावला तर पंखा किंचाळला, जळका वास आला आणि बंदच पडला. इंजिन तापलेलं, हीटरमध्ये गरम पाणी फिरतंय, पण ती ऊब काचेपर्यंत आणायला वाराच नाही. शेवटी खिडक्या उघडल्या. माय देवळीपर्यंत पदरानं काच पुसत होती आणि तिचे हात काकडले होते. पुढे आठ दिवस तिचा खोकला गेला नाही. ते अजून मनातून जात नाही. आपल्याकडे गाडीला हीटर कशाला, असं मीच म्हणायचो. पण उन्हाळ्यात एसीचा वारा फेकणारा पंखा तोच आणि पावसाळ्यात काच साफ ठेवणाराही तोच.

आता तुझ्या गाडीचं. चार नंबरवर करंट सरळ मोटरला जातो. खालच्या नंबरांवर तो रेझिस्टरमधून जातो. त्यात तारेच्या गुंडाळ्या असतात, जितक्या जास्त गुंडाळ्या वाटेत तितका पंखा हळू. म्हणजे चारवर चालतो आणि बाकी मेले, तर बहुतेक तुझा रेझिस्टर गेला आहे आणि मोटर जिवंत आहे. हा रेझिस्टर वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण तो तापतो आणि पंख्याचाच वारा त्याला थंड ठेवतो. माझ्या गाडीत तो डाव्या बाजूला, ग्लव्हबॉक्सच्या मागे होता. दोन स्क्रू काढले की हातात येतो. गुंडाळी तुटलेली डोळ्यांना दिसते. दिसली नाही तर टेस्ट लॅम्पनं, म्हणजे करंट असला की पेटणाऱ्या दिव्यानं, बघ.

इथं मी चुकत होतो. रेझिस्टर बदलून मोकळा होणार होतो. आमच्या चौकात ट्रॅक्टरची वायरिंग करणारे एक काका आहेत, त्यांनी विचारलं, "तो जळला काहून, हे पाह्यलं का बाबू?" नव्हतं पाहिलं. मोटर जड फिरली की करंट जास्त ओढते, आणि तो भार रेझिस्टरवर आणि कनेक्टरवर येतो. वारा अडला तर रेझिस्टर थंडही होत नाही. नवा टाकला असता तर तोही गेला असता.

म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि मोटर काढली. तीन स्क्रू, एक कनेक्टर आणि हवेची एक बारीक नळी. पंखा बाहेर आला आणि मी बघतच राहिलो. त्या पिंजऱ्यात मूठभर कापूस कोंबलेला! उंदरानं घर केलं होतं. यंदा भाव चढेल म्हणून आम्ही कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवला आहे, गाडी त्याच भिंतीला लागून उभी असते. तुझ्याकडे धानाचं तणस असेल, उंदराला तेही चालतं. घाण काढताना तोंडाला फडकं बांध आणि फिनाइलच्या पाण्यानं ओलं करून मगच काढ. कोरडी धूळ उडू देऊ नको.

पंख्याच्या पात्यावर एखादी छोटी पत्र्याची क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नको. ती तोल साधायला बसवलेली असते. ती गेली की पंखा आयुष्यभर थरथरतो.

मोटर उघडली तर आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे, झिजून चार-पाच मिलिमीटर राहिले होते. तुझी चारवर नीट फिरत असेल तर उघडू नको, नुसती हातानं फिरवून बघ, सैल फिरली पाहिजे. माझी अडकत होती. रिवाइंडिंगवाल्याकडून थोडे मोठे कार्बन आणले ४० रुपयांना, फरशीवर पॉलिश पेपर ठेवून घासले आणि होल्डरमध्ये सहज सरकतील एवढे केले. शेपटीची तार सोल्डर केली. आर्मेचरचं, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचं, कार्बन घासतात ते तांबं बारीक पॉलिश पेपरनं उजळवलं. दांडा ज्यात फिरतो त्या दोन्ही बुशांना शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब दिले. तेल तांब्यावर जाऊ देऊ नको. मग बॅटरीला डायरेक्ट लावली. इतकी मुलायम फिरली की माय आतून विचारायला आली, काय झालं म्हणून.

रेझिस्टर मी यवतमाळच्या भंगारातून आणला, १५० रुपयांना. घेताना जुना सोबत ने आणि पिना जुळवून बघ. आमच्याकडे एकानं शेगडीची तार गुंडाळून देतो म्हटलं होतं. स्वस्त पडलं असतं, पण मी नाही म्हटलं. तिचा हिशेब बरोबर बसत नाही, आणि जास्त तापल्यावर लाइन तोडणारा बारीक फ्यूज तिच्यात नसतो. ती प्लास्टिकच्या नळात लाल होऊन बसली तर? तसंच मोठ्या फ्यूजचं. फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालणारे लोक मी पाहिले आहेत. तू तसं करू नको, गाडीत पोरं बसतात.

कनेक्टर मात्र नक्की बघ. माझ्या कनेक्टरची एक पिन काळी पडून प्लास्टिक वितळलं होतं. ती पिन सैल राहिली की तिथंच उष्णता होते. मी तो भाग कापून वायरच्या टोकाला नवा लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवला. सगळं मिळून २६० रुपये आणि एक रविवार लागला.

शेवटी वायपरखालच्या हवेच्या तोंडावर लोखंडी बारीक जाळी बसवली. रात्री गाडी उभी करताना हवेची कळ आतल्या हवेवर ठेवतो, म्हणजे बाहेरची झडप बंद राहते. पाने अडकली की जाळी झाडावी लागते, तेवढं लक्षात ठेव.

मायची पुढची तारीख २२ ला आहे. आता काच दोन मिनिटांत साफ होते आणि पायाशी ऊबही लागते. ती तुझी आठवण काढत होती, तीळगुळाचा डबा तुझ्यासाठी वेगळा ठेवला आहे. तुझा रेझिस्टर काढलास की त्याचा आणि कनेक्टरचा फोटो पाठव. २२ ला येताना यवतमाळवरून फिरून येईन, भंगारात जोडीचा मिळाला तर घेऊन ठेवतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
कळंबचा सोबती