सिस्टर, तुम्ही माझे हात धीट केलेत

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आमच्या गल्लीत 'सिस्टर' म्हटलं की एकच घर, तेवढं पुरे. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. आजही कुठल्यातरी घरात माझ्यासारखा एखादा मुलगा बापाच्या पलंगाशी लघवीची पिशवी धरून घाबरून उभा असेल.

फेब्रुवारीत बाबांची लघवी अडली. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली, त्यात हृदयात स्टेंट नुकताच बसवलेला. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्यामुळे ऑपरेशन लांबलं आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून घरी पाठवलं. डिस्चार्ज कार्डावर 'कॅथेटरची काळजी घ्या' एवढीच ओळ. कशी, ते कुणी दाखवलं नाही. मी रोज डेटॉलच्या पाण्याने पुसायचो, वर पावडर टाकायचो. जागा लालबुंद झाली, बाबा कण्हायला लागले, आणि मला वाटायचं, अजून स्वच्छता कमी पडतेय.

तुम्ही आलात आणि आधी मला हात धुवायला लावलेत. मग मागे सरकून म्हणालात, "रोज तुलाच करायचंय, तूच कर." साधा साबण, कोमट पाणी, मऊ फडकं. नळी आत शिरते तिथे दोन बोटांनी हलकेच धरायची, म्हणजे ओढ बसत नाही. पुसत जायचं ते शरीराकडून बाहेर, उलट कधीच नाही. कातडी मागे घेऊन धुतली की आठवणीने पुन्हा पुढे आणायची, नाहीतर सूज येते. बापाच्या अंगाला तिथे हात लावताना मला मान वर करवत नव्हती. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. तुम्ही म्हणालात, "दादा, हा लहान असताना ह्याचं कोण धूत होतं?" बाबा हळूच हसले. त्यानंतर त्यांनी कधी तोंड फिरवलं नाही.

पिशवी लोकांना दिसू नये म्हणून बाबा ती शबनममध्ये घालून खांद्याला अडकवायचे. ते बघून तुम्ही रस्त्यातच थांबवलंत. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की लघवी उलटी आत जाते आणि जंतूही जातात, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी जुन्या चादरीची लांब बंदांची पिशवी शिवून आणलीत, गुडघ्याखाली लोंबणारी. पिशवी जमिनीला टेकवायची नाही, अर्ध्याच्या वर भरू द्यायची नाही, तोटी मगला लागू द्यायची नाही, नळी मांडीला चिकटपट्टीने बांधायची. हे सगळं बाबांनाच पाठ झालं.

मे महिन्यातली ती रात्र मात्र विसरणार नाही. दोन वाजले होते, दहापासून पिशवीत थेंब नाही, ओटीपोट दगडासारखं. फोनवर तुमचा आवाज अगदी शांत. "नळीवरून बोट फिरवत जा, कुठे अडतं ते सांग." बोट मांडीखाली गेलं. तिथे नळी दुमडून बाबांच्या वजनाखाली दबली होती. सोडवली आणि लघवी धावली. मी पिशवीवरचे आकडे मोठ्याने वाचत होतो, २००, ३००, ४००, आणि बाबा डोळे मिटून 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत होते. तुम्ही तेव्हाच सांगितलंत, "नळी सरळ असूनही आली नसती, तर लगेच रिक्षा करून दवाखाना गाठायचा. स्वतः नळीत पाणी मारायचं नाही, आणि ओढायची तर मुळीच नाही. आत १० मिली पाण्याचा फुगा असतो, सगळं फाटेल."

जूनमध्ये थंडी वाजून ताप आला, तेव्हा घरात उरलेली अँटिबायोटिक मी देणारच होतो. तुम्ही ती हातातून काढून घेतलीत आणि त्याच संध्याकाळी दवाखान्यात पाठवलंत. ते किती बरं केलंत!

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं, नळी निघाली. बाबा आता पहाटे स्वतः उठून जातात. मला आतून ऐकू येतं आणि मी पुन्हा झोपतो.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, म्हणून रविवारी परसातल्या शेवग्याच्या शेंगा घेऊन येतोय, नाही म्हणू नका. दोन न उघडलेल्या पिशव्याही उरल्यात, कुणाला लागल्या तर द्या. आणि त्या घरचा मुलगा घाबरत असेल तर मला हाक मारा. मी येऊन त्याच्याजवळ उभा राहीन.

तुमचा,
शेजारचा मुलगा