खेळातला वॉकीटॉकी: दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

भुसावळ-यावलकडे आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी एअरसॉफ्ट खेळतो. प्लास्टिकच्या छर्ऱ्यांची लुटुपुटूची लढाई. कुणाचा गॉगल निसटला, तर ‘खेळ थांबवा’ हा निरोप त्याच क्षणी सगळ्यांना जायला हवा, नाहीतर डोळाच जायचा. म्हणून वॉकीटॉकी लागतोच.

2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा लहरींचा (फ्रिक्वेन्सीचा) पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी विनापरवाना खुला झाला. केळीच्या बागेत हा आवाज लवकर विरतो (पानांत पाणीच पाणी!), पण मैदानापुरतं भागतं. घोळ पुढे आहे. नवा पोरगा येतो तो कमरेला पाच वॉटचा, जास्त शक्तीचा सेट लावून. स्वस्तात मिळाला, एवढीच त्याची माहिती. त्यावर पोलिसांच्या, वनखात्याच्या, रेल्वेच्या लहरीही लागू शकतात, हे त्याच्या गावीही नसतं. भुसावळसारख्या जंक्शनला गार्ड आणि ड्रायव्हर वॉकीटॉकीवर बोलतात. याने त्याच लहरीवर बटण दाबून धरलं, की त्यांचा निरोप अडकलाच.

आमच्यापुरता आम्ही नियम केलाय. खेळाआधी प्रत्येक सेटच्या लहरीचा आकडा बघायचा, 446 च्या बाहेरचा असेल तर बॅटरी काढून पिशवीत. वॉकीटॉकीवर ‘गोळी लागली’ म्हणायचं नाही, ‘बाद’ म्हणायचं. पलीकडे कोण ऐकत असेल, काय सांगावं? पण सेट विकणाऱ्याला कोण विचारणार?

2025 मध्ये वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्याबद्दल आभार. तशीच सक्ती बाजारपेठेतल्या दुकानांवरही करा. खोक्यावर मराठीत ठळक छापलेलं असू द्या: लहर कोणती, परवाना लागतो की नाही, सरकारी मान्यता आहे का. आणि जळगाव, धुळे, नंदुरबारला अधूनमधून तपासणी शिबिर घ्या. स्वतःहून सेट घेऊन येणाऱ्यावर लगेच गुन्हा नको. दंडाच्या भीतीने लोक तो कपाटात लपवतील आणि पुढच्या खेळाला पुन्हा बाहेर काढतील.

आमच्या गटातले सेट पहिल्याच शिबिरात तपासायला आणतो. तारीख तेवढी कळवावी.

आपला,
भुसावळचा एक खेळाडू