सूचना : थंडीच्या लाटेआधी घरात काय भरून ठेवायचं

सर्व गटसदस्य ताईंना नमस्कार.

पुढच्या शुक्रवारच्या बैठकीआधी एवढं करून ठेवा. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, आठवत असेलच. त्यात रानातली थंडी शहरापेक्षा जरा जास्तच बोचते.

आठ-दहा दिवस पुरेल इतकी ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, तेल-मीठ घरात असू द्या. ज्वारी आताच दळून आणा, लाइन गेली की चक्कीही बंद. बीपी-शुगरच्या गोळ्या संपायची वाट पाहू नका. बॅटरी चार्ज करून ठेवा, मेणबत्त्या-माचीसही घ्या.

सरपणाचं थोडं सविस्तर सांगते. तुराट्या, गोवऱ्या टिनाखाली कोरड्या ठेवा. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग मात्र घालू नका, त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीला भोवते. सोय म्हणून आपण सगळ्याच रचतो, मीही रचत होते.

शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. कोणाला चक्कर, मळमळ वाटली तर आधी उघड्या हवेत आणा, मग १०८ लावा.

रात्रपाळीच्या लाइनवर हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्यांसोबत घोंगडी आणि कोरडे कपडे द्या. बकऱ्यांखाली कुटार (भुसा) पसरा.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जादा गोधडी कोण देणार, ते शुक्रवारी ठरवू.

– सचिव