हनुवटीवरचा केस

ठाणे, मंगळवार

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुला तेल लावता लावता हनुवटीवरचा तो केस दिसला आणि माझा हात आपसूक चिमट्याकडे गेला. "आई, लेझरसाठी चार आठवडे केस न उपटता थांबले होते गं मी!" म्हणालीस आणि न जेवता नेरूळ लोकल पकडलीस. वालाचं बिरडं तसंच राहिलं. बाबा दोन दिवस तेच खातायत, माझ्याशी न बोलता.

मला खरंच माहीत नव्हतं. काल पल्लवीने समजावलं. लेझरचा उजेड केसातला काळा रंग धरतो, त्याची उष्णता खाली उतरून मूळ भाजतं. मूळच उपटलं तर भाजणार काय? म्हणून वॅक्सिंग नाही, थ्रेडिंग नाही, आदल्या दिवशी फक्त रेझर. रेझरने केस राठ होतात हे मी तुला शाळेपासून ऐकवत आले, तेही खोटंच निघालं.

पण मग रात्री झोप लागेना. उजेड काळा रंग धरतो, तर कातडीतला नाही धरणार? तू माझ्यासारखी सावळी. डाग पडला तर? तिथे क्लिनिकमध्ये एनडी-याग नावाचं लेझर मशीन आहे का विचार, सावळ्या कातडीला ते त्यातल्या त्यात बरं. आधी पॅच टेस्ट, म्हणजे थोड्याशाच जागी लेझर मारून बघतात ती, करून घे. ऐरोलीला स्टेशनपासून ऑफिसपर्यंत उन्हात चालतेस, सनस्क्रीन लाव. येऊरला जाणं या महिन्यात राहू दे. मुरमांच्या गोळ्यांचं डॉक्टरांना सांग. पीसीओडीचंही सांग, हार्मोन वरखाली असले तर सहा-आठ वेळा जाऊनही नवे केस येतात म्हणे.

झालं, सुरू झालं माझं. सोड.

१९९४ साली, लग्नाला आठ दिवस असताना, नौपाड्यातल्या एका पार्लरमध्ये वॅक्स इतकं गरम लावलं की वरच्या ओठाची सालच निघाली. अल्बममध्ये मी प्रत्येक फोटोत खाली बघतेय. आत्या अजून म्हणतात, किती लाजरी होतीस! डाग दिसू नये म्हणून घातलेली मान ती. म्हणून गं डागाचं एवढं.

आणि हे केसांचं तुझ्याकडे आलंय माझ्याकडूनच. दूधवाला यायच्या आत मी गॅलरीत हातआरसा घेऊन बसायचे, तुला वाटायचं आई कुंकू लावतेय. तू मात्र स्वतःच्या पगारातून, आमच्यासमोर फोन करून अपॉइंटमेंट घेतलीस. बाबा पेपरात तोंड घालून बसले, पण नंतर मला म्हणाले, "पोरगी धीट आहे."

तारीख पुढे ढकलल्याचे पैसे कापले तर मी देईन. पॅच टेस्टनंतर दुसऱ्या दिवशी फोटो पाठव. नको, नुसतं सांग. बरं, पाठवच.

आणि एक. केस एक नव्हता, तीन होते. तुझे डोळे मिटलेले होते. डॉक्टरांना तीन सांग.

तुझी,
आई