अलार्म वाजल्यावर वास घेत बसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. बाथरूममध्ये गुदमरून तरुणाचा मृत्यू, नाहीतर नवविवाहित जोडप्याचा. खाली एक ओळ, गॅस गिझरमुळे झाल्याचा प्राथमिक अंदाज. आपण हळहळतो आणि पान उलटतो. त्या घरात काही मिनिटं आधी काय करता आलं असतं, हे त्या बातमीत सहसा नसतं. ते लिहावं म्हणून हे पत्र.

मी राजारामपुरीत राहते. वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुली ठेवते. त्यांना एकच न्हाणीघर आणि त्यात गॅस गिझर. माझ्या भाच्याने कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म आणून दिला होता, तो मी वरच्या बोळात मुलींच्या खोल्यांशेजारी लावला. डिसेंबरात परीक्षेच्या दिवशी सकाळी तो वाजला. मुली एकीमागून एक आंघोळीला जात होत्या, गारठ्यामुळे खिडकी लावलेली, गिझरला मधे उसंत नाही. चार वेळा टीं टीं, जरा थांबायचं, पुन्हा चार वेळा. त्याच्यावरचा आकडा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग, दीडशेच्या पुढे गेलेला.

मी हाका मारतच वर गेले. गॅलरीतल्या सिलिंडरचा रेग्युलेटर वाटेतच होता, तो बंद केला. गच्चीचं दार सताड उघडलं आणि न्हाणीघराचं दार बडवलं. आतून आवाज, "काकू, शाम्पू लावलाय, दोनच मिनिटं." म्हटलं, शाम्पूसकट ये, टॉवेल गुंडाळ आणि आत्ता बाहेर ये. दुसरी एक डोकं दुखतंय म्हणून पांघरूण घेऊन पडली होती, तिला दोघींनी दंडाला धरून उतरवलं. गल्लीत उभ्या करून एकेकीचं नाव घेतलं. एकीचं हॉल तिकीट वर राहिलं होतं. ती रडायला लागली, तरी तिला परत जिना चढू दिला नाही. 101 आणि 108, दोन्ही फोन गल्लीतूनच केले. रेग्युलेटर, खिडकी, जे वाटेत हाताला लागेल तेवढंच करायचं. त्यासाठी आत घुटमळायचं नाही.

गल्ली जमलीच. जो तो एकच विचारत होता, "वहिनी, वास येतोय का?" दोघेतिघे वर जाऊन हुंगून यायला निघाले, त्यांना मी अडवलं. वास येत नव्हता आणि येणारही नव्हता. सिलिंडरमधल्या गॅसला जो वास असतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, गळती कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये नसतोच. गॅस, लाकूड, कोळसा, पेट्रोल जळताना हवा अपुरी पडली की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. आपलं नाक इथे साक्षीदार होऊच शकत नाही.

अग्निशमनचे जवान आले, त्यांनी दारं-खिडक्या उघडून मजला मोकळा केला. हवा खेळल्यावर अलार्म गप्प झाला आणि लोक म्हणाले, झालं, संपलं. दुपारी गॅस एजन्सीचा माणूस आला. त्याने नळीला, रेग्युलेटरला, गिझरच्या जोडाला साबणाचा फेस लावला, बुडबुडा आला नाही, आणि तो म्हणाला, "लिकेज कुठंच नाही मॅडम, खुशाल चालू करा." या एका वाक्याने माणसं मरू शकतात. फेस लावून कळते ती न जळलेल्या गॅसची गळती. आमचा गॅस कुठेही गळत नव्हता, तो नीट जळत नव्हता. मी गिझर चालू करू दिला नाही. मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी पुढचं झाकण काढलं तेव्हा आतल्या तांब्याच्या बारीक पट्ट्यांत काजळी गच्च बसलेली दिसली. पेटवून दाखवली तर ज्योत निळी राहीना, पिवळी लांबलांब जीभ वर चाटत होती. ज्यांच्या घरी गॅस गिझर आहे त्यांनी पुढच्या छोट्या काचेतून ज्योत जरूर बघावी. पिवळी दिसली, किंवा गिझरच्या वरच्या भिंतीला काळं धरलं असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गिझर पेटवू नका, पाणी स्वयंपाकघरात तापवा.

आता त्या डोकं दुखणाऱ्या मुलीचं. तिला मळमळत होतं, पाय लटपटत होते, ताप अजिबात नव्हता. घरात सगळे म्हणतात तेच तीही म्हणत होती, पित्त झालंय. ॲम्ब्युलन्सची वाट बघत असताना शेजारच्या घरातून कोणीतरी ऑक्सिमीटर आणलं. करोनापासून ते घरोघरी आहे. बोटाला लावलं तर 98. बघणाऱ्यांचे चेहरे सैल झाले, एकजण तर म्हणाला, ॲम्ब्युलन्स परत पाठवा. या ठिकाणी ते यंत्र फसवतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि बोटातून प्रकाश सोडणाऱ्या साध्या ऑक्सिमीटरला हे चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. माणूस आतून गुदमरत असतो आणि आकडा 98 दाखवतो. असं वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, म्हणजे कार्बोक्सीहिमोग्लोबिन, किती आहे हे रक्ताच्या तपासणीतच कळतं. म्हणून दवाखान्यात पाय ठेवल्या ठेवल्या पहिलं वाक्य हेच सांगायचं, घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला होता. आम्ही ते सांगितलं म्हणून तिला लगेच मास्क लावला. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. मुलगी संध्याकाळी घरी आली. घरात गरोदर बाई असेल तर तिला काही होत नसलं तरी दवाखान्यात न्यावंच, पोटातल्या बाळाला याचा धोका जास्त असतो.

"नुकताच तर वाजलाय, बघू थोडा वेळ" असंही गल्लीत ऐकलं. हा अलार्म वायू दिसताक्षणी बोंब मारत नाही. युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेला अलार्म हवेत दहा लाखांत 50 भाग असतील तर तासाभरानंतर, दीड तासाच्या आत वाजतो. 100 भागांना 10 ते 40 मिनिटांत आणि 300 भागांना तीन मिनिटांच्या आत. म्हणजे तो वाजतो तेव्हा घरातली माणसं तो वायू ओढत आलेली असतात. त्यांचं डोकं जड झालेलं असू शकतं, विचार संथ झालेला असू शकतो, आणि झोपलेला माणूस तर जागा न होताच जाऊ शकतो. थांबून बघायचा वेळ त्या यंत्राने आपल्या वतीने आधीच वापरलेला असतो.

आमच्या सासूबाईंच्या काळात परसात तांब्याचा बंब होता. त्याला धुराडं होतं, वर आकाश होतं, आणि जाळ घालणारा माणूस बाहेर उभा असायचा. गिझर म्हणजे तोच जाळ, फक्त तो आपण कडी लावलेल्या चार-बाय-सहाच्या खोलीत घेतला. तो बाहेर ठेवा, गॅलरीत किंवा गच्चीवर, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. मी आता तेच केलंय. एक्झॉस्ट फॅन आहे ना, असं म्हणणाऱ्यांना विनंती, दाराच्या खाली जाळी आहे का बघा. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर फॅन काय ओढणार?

गिझरवरच हे संपत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात वीज गेली तेव्हा जिन्याखाली लावलेले पेट्रोलचे जनरेटर मी डोळ्यांनी पाहिलेत, वर बिऱ्हाडं झोपलेली. बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून निखाऱ्यांची शेगडी अजून ठेवतात. बाळाला ऊब मिळावी ही माया खरी आहे, पण निखारा धूर न करताही हा वायू भरपूर सोडतो.

अलार्म घेताना एक घोळ होतो. दुकानात "गॅस अलार्म" मागितला तर बहुधा एलपीजीचा हातात पडतो. तो वेगळा. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून तो अलार्म खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेत सगळीकडे मिसळतो, त्याचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावावा. खोक्यावर कार्बन मोनॉक्साइड असं स्पष्ट लिहिलेलं आणि ईएन 50291 हा त्या युरोपीय मानकाचा क्रमांक बघून घ्या, मागची मुदतीची तारीखही बघा, कारण आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. मिनिटाला एकदाच टिक् असा आवाज आला तर सेल उतरलेत किंवा मुदत संपलीय. तेव्हा सेल बदला किंवा यंत्र बदला, भिंतीवरून उतरवून कपाटात टाकू नका.

कोल्हापुरात बाहेरगावच्या मुलामुलींना खोल्या देणारी घरं गल्लोगल्ली आहेत. त्या सगळ्या घरमालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ही मुलं त्यांच्या आईबापांनी आपल्या भरवशावर सोडलीत. गॅस एजन्सीवाल्यांनी आपल्या माणसांना एवढं शिकवावं, की अलार्म वाजलेल्या घरात साबणाचा फेस लावून "चालू करा" म्हणायचं नाही. आणि संपादक महोदय, पुढच्या वेळी तशी बातमी छापावी लागली तर तिच्याखाली चौकटीत एवढंच छापा : सगळ्यांना बाहेर काढा, मोजा, परत आत जाऊ नका, 101 आणि 108 ला बाहेरून फोन करा, डॉक्टरांना वायूचं नाव सांगा, दुरुस्ती होईपर्यंत गिझर पेटवू नका.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर