नाण्याला नावं ठेवण्याआधी "आज काय करू?" हा प्रश्न विचारून बघा

माननीय संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत त्या हो-नाहीच्या नाण्यांवर लेख आला होता, ऑनलाइन मिळतात ती, एका बाजूला येस, दुसऱ्या बाजूला नो, हवेत उडवायचं आणि येईल ते करायचं. लेखकाचं म्हणणं असं की आजकाल लोकांना साधा निर्णयही घेता येत नाही, डोकं वापरायचा कंटाळा, सगळं नशिबावर सोडून मोकळे. दोन दिवस गप्प बसले पण राहवेना म्हणून लिहितेय, कारण आमच्या घरात हे नाणं दीड वर्ष वापरात आहे आणि कंटाळ्याचा त्यात काही संबंध नाही.

घरात माणसं सहा. मी, आमचे हे, सासूबाई, दीर आणि दोन मुलं. रोज "आज काय करू?" विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, काहीही कर. आणि मग काहीही केलं की दुधीला दीर नुसतं ताटात बघत बसतात, वांगं केलं तर मुलीचा घसा खाजतो, मटकी केली तर सासूबाईंना रात्रभर गॅस. बावीस वर्षं हे चाललंय. स्वयंपाकाचा त्रास नाही हो, निवडणं-चिरणं हाताला सवयीचं आहे, त्रास आहे तो ठरवण्याचा, कारण ठरवलं मी म्हणजे चुकलं तरी मीच. हे कुणाच्या लक्षात येत नाही, लेख लिहिणाऱ्यांच्या पण नाही आलं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला, त्याने हे नाणं आणलं. पितळी रंगाचं, दहाच्या नाण्यापेक्षा मोठं, हातात चांगलं जड लागतं. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही म्हणून येसच्या बाजूवर मुलीने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, ठिपका आला की पहिला पदार्थ, नाही आला की दुसरा. रात्री जेवणं झाली की मी दोन पदार्थ सांगते, दोन्हीचं सामान घरात असलेले, ज्याला जे चालत नसेल त्याने तेव्हाच बोलायचं, मग मी बदलून दुसरं सांगते. सगळ्यांचं हो झालं की सासूबाई नाणं उडवतात आणि एकदा पडलं की विषय संपला, परत उडवायचं नाही. पहिल्याच आठवड्यात पडवळ आलं आणि दीर सुरू झाले, तर सासूबाई म्हणाल्या, "नाण्याला सांग, तिला नको सांगू." खरं सांगते, मला भरून आलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा पडवळ माझ्यावर आलं नाही.

माझं माहेर सावंतवाडीकडचं. आमच्या गावात देवाला कौल लावतात, मूर्तीला फुलांच्या कळ्या लावायच्या, उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. श्रद्धेची गोष्ट आहे, तिची आणि खेळातल्या नाण्याची बरोबरी मी करत नाही. पण लहानपणापासून एक बघितलंय, कौल मिळाला की भांडणारी दोन घरं सुद्धा गप्प घरी जातात, कारण कोण जिंकलं कोण हरलं असं काही उरतच नाही. आणि नशिबावर सोडणं म्हणजे बिनडोकपणा म्हणावं तर मग कायद्याचं काय? निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली तर आपल्याकडे चिठ्ठीच काढतात. 2017 ला मुंबई महापालिकेच्या 220 नंबरच्या वॉर्डात अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांची मतं अगदी सारखी झाली होती आणि चिठ्ठीवर शहा निवडून आले. तिथे कुणाचं डोकं कमी पडलं असं नाही, दोन्ही पारडी खरोखरच सारखी होती. दुधी की वांगं हे पण तसंच आहे बघा.

मुलगा इंजिनीअरिंगला आहे, त्याला शंका की नेलपॉलिशने नाणं एका बाजूला जड झालं असेल. त्याने शोधून सांगितलं ते इथे लिहिते कारण वापरणाऱ्यांना उपयोगी आहे. हवेत उडवून हातात झेललं तर थोड्याशा वजनाने फरक पडत नाही, पण टेबलावर भिंगरीसारखं फिरवलं तर पडू शकतो, म्हणून ही जाड नक्षीची नाणी फिरवून कौल घेऊ नये. दुसरं म्हणजे युरोपातल्या संशोधकांनी 48 माणसांकडून 3,50,757 वेळा नाणी उडवून घेतली आणि असं दिसलं की उडवताना जी बाजू वर असते तीच परत वर यायचं प्रमाण 50.8 टक्के, म्हणजे जरासं जास्त. या कामाला 2024 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं. भाजीला एवढ्याने काय होतंय, पण घरात कुणाच्या मनात किंतु नको म्हणून आता सासूबाई दोन्ही तळहातांत नाणं खुळखुळवतात आणि न बघता उडवतात.

आता लेखकाचं एक म्हणणं मला मान्य आहे आणि ते मी स्वतःच्या घरावरून सांगते, सांगताना बरं वाटत नाही पण सांगायलाच हवं. ह्यांना शुगर आहे. मागच्या पावसाळ्यात चपलेने पायाच्या अंगठ्याला घासलं, छोटीशी जखम, मी म्हणत होते आजच दाखवून या, बाहेर पाऊस कोसळत होता आणि ह्यांनी सहज नाणं उचललं, आज जाऊ का. नो आलं. दुसऱ्या दिवशी परत काहीतरी काम निघालं, तिसऱ्या दिवशी अंगठा काळसर लाल झाला, ताप भरला आणि मग पाच दिवस अ‍ॅडमिट आणि पुढे महिनाभर ड्रेसिंग. अंगठा वाचला. डॉक्टरांनी विचारलं उशीर का केला, तेव्हा मला काही बोलता आलं नाही. त्या रात्री मी नाणं पिठाच्या डब्यामागे टाकून दिलं होतं, वीस दिवस काढलं नाही. चूक नाण्याची नव्हती, ते दोन पर्याय सारखे नव्हतेच मुळी, एका बाजूला भिजायचा कंटाळा होता आणि दुसऱ्या बाजूला पाय होता. तेव्हापासून तब्येत, शिक्षण, पैसे आणि कुणाचं लग्न यातलं काहीही असलं तर आमच्या घरात नाण्याला हात लावायचा नाही.

म्हणूनच लेखात अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांच्या प्रयोगाचं जे आलंय ते मला पटलं नाही. नोकरी सोडू का, नातं तोडू का असल्या प्रश्नांवर हजारो लोकांनी वेबसाइटवर नाणं उडवलं आणि ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनी जास्त समाधानी होते म्हणे. असतील. पण जो माणूस असा प्रश्न घेऊन तिथवर जातो त्याचं मन आधीच हललेलं असतं, दहावी झालेल्या पोरांना आर्ट्स की सायन्स हे नाण्यावर ठरवा असं त्यातून कुणी काढू नये, माझी मुलगी यंदा दहावीला आहे म्हणून कळकळीने सांगतेय.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी निर्णयक्षमतेवर छापाल तेव्हा घरात रोज ठरवणारं माणूस एकच का असतं यावर पण कुणाला तरी लिहायला सांगा. आमचं नाणं सध्या मिसळणाच्या डब्याशेजारी स्टीलच्या वाटीत असतं, ठिपका पुसट झाला की मुलगी नवा देते. काल रात्री कुळथाची पिठी की मुगाची आमटी होतं, पिठी आली, आज सकाळी दीर स्वतःच कोकमं काढून भिजत घालून गेले.

एक वाचक, चिपळूण